खंडेनवमीचे दोन गुण

खंडेनवमीला मी आमच्या आइस हॉकी संघाचे एकोणीस जोड बूट ओळीनं मांडले, त्यांना हळदकुंकू वाहिलं, धार लावायच्या मशीनला झेंडूचा हार घातला, त्याचा प्लग उपसला आणि हात जोडून घरी जेवायला गेलो. सामना त्याच संध्याकाळी होता.

नोकरीतल्या माझ्या चुका मोजायला बसलो तर ही पहिली नाही आणि शेवटचीही नसावी. पण हिचं ओझं मी सगळ्यात जास्त दिवस वाहिलं, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच.

दुबईत आइस हॉकी खेळतात असं सांगितलं की पुण्याकडचे नातेवाईक आधी हसतात आणि मग माझ्या बायकोकडे बघतात, माणूस बरा आहे ना म्हणून. तर खेळतात. बाहेर उन्हानं गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही आणि खिडक्या नसलेल्या एका अवाढव्य शेडमध्ये शाळेच्या मैदानाएवढा बर्फ पसरलेला असतो. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमधून भर सप्टेंबरात मी काखेत जाडजूड जाकीट मारून उतरायचो, तेव्हा आमचा पेशावरी वॉचमन न चुकता विचारायचा, "भाईसाब, आज भी बुखार?"

संघ पगारी होता. निम्मी पोरं इथलीच, अमिराती. उरलेली थंड देशांतून करारावर आणलेली. मी त्यांचा धारवाला.

मूळचा मी भोसरीचा. आयटीआयमधून ग्राइंडर झालो, बारा वर्षं एका कारखान्यात काढली आणि मग इकडे गल्फमध्ये, हमरिया फ्री झोनमधल्या वर्कशॉपात आलो. ड्रिल, कटर, पंच, म्हणजे जे लोखंड कापतं, त्याला पुन्हा कापण्यालायक करायचं, हे माझं काम. एक दिवस फैसल नावाचा माणूस एक बिघडलेला स्पिंडल, म्हणजे मशीनचं चाक फिरवणारा दांडा, घेऊन वर्कशॉपात आला. तो या संघाचा मॅनेजर. त्यांचा धारवाला काम सोडून मायदेशी गेला होता आणि जाताना मशीनही आजारी करून गेला होता. मी स्पिंडल दुरुस्त करून दिला. फैसल इथला अमिराती, पण हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलतो. त्यानं विचारलं, "चलाना भी आता है, नंदू भाई?" मी हो म्हणालो, हमरियाची नोकरी सांभाळून. पंचवीस वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसाच्या तोंडात 'नाही' हा शब्द शिल्लक राहत नाही.

पहिला जोड कप्तानाचा होता. कप्तान आन्द्रिस, लाटव्हियाचा, अडतीस वर्षांचा, पुढचे दोन दात नसलेला, भुवईवर टाक्यांची नक्षी. मी त्याच्या पात्याचा तळ असा सपाट आणि चकचकीत घासला की त्यात बघून दाढी करावी. भोसरीत असल्या कामाला फोरमननं चहा पाजला असता. आन्द्रिस बर्फावर उतरला, एक ढांग टाकली आणि सरळ गेला. वळायला गेला, तरी सरळच गेला. शेवटी समोरच्या कठड्यावर आपटून थांबला.

परत आला तो ओरडला नाही. माझ्या स्टुलावर बसला, बूट उलटा केला आणि पात्यावर अंगठ्याचं नख टेकवून मला शिकवलं. जे शिकलो ते तुम्हालाही सांगतो. हॉकीच्या बुटाचं पातं सुरीसारखं नसतं. ती जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी. तिच्या तळाला लांबीभर एक पन्हळ असते, त्यामुळे दोन कडा तयार होतात आणि खेळाडू उभा असतो तो त्या कडांवर. पन्हळ खोल केली तर कडा बर्फात रुततात, गर्रकन वळता येतं, पण वेग मरतो. उथळ केली तर माणूस सुळकन जातो, पण वळणावर भरवसा नाही. कुणाला किती खोल हवी हे ज्याचं त्याचं. दोन्ही कडा मात्र एका पातळीत हव्यात. केसाएवढा फरक पडला तरी गडी एका अंगाला झुकतो. ही पन्हळ पाडायची ती फिरत्या चाकावर, बूट उलटा धरून, हातानं एका लयीत ओढत. शेवटी कडेला राहिलेला कीस काढायला ऑइलस्टोन, म्हणजे हातात मावणारा घासायचा दगड, अलगद फिरवायचा. ऑइलस्टोन हा नुसता शेवटचा हात. त्यानं धार लागत नाही.

महिनाभरात माझा हात बसला. गिऱ्हाईकं एकेक नमुना होती. अल ऐनचा एक बचाववीर होता, त्याच्या डाव्या बुटाला आधी धार लावायची; उजव्याला आधी लावली तर तो पुन्हा दोन्ही करायला लावायचा. तो समोर नसला तरी त्याला कळायचं, कसं ते मला आजही ठाऊक नाही. एक कझाक होता, त्याचा नेम असा की सामना जिंकला तर बुटांना हात लावायचा नाही, जिंकलेली धार मोडते. त्या सीझनमध्ये त्याचे बूट मी जवळपास दर वेळी घासले. आन्द्रिसचा जोड मी सगळ्यात शेवटी घ्यायचो, हात पुरता स्थिरावल्यावर. तो नख फिरवायचा, "गुड, नॅन्डो," म्हणायचा आणि बूट बॅगेत टाकायचा. नंदूचा नॅन्डो त्यानंच केला. तेवढ्या एका 'गुड'वर मी घरापर्यंत गाणी म्हणत गाडी चालवायचो.

सीझन सुरू होण्याआधीच फैसलनं सगळ्यांना बसवून सांगितलं होतं: मालकांचं म्हणणं आहे की सहा संघांत पहिल्या चारात आलो तर पुढच्या वर्षी संघ राहील. नाहीतर खलास. पोरांना दुसरे संघ मिळाले असते, मला हमरिया होतंच. आन्द्रिसला मात्र कुठे जागा नव्हती. अडतीस वर्षांच्या हॉकीवाल्याला नवा करार कुणी देत नाही. त्याला आणखी एक वर्ष हवं होतं, फक्त एक. मला म्हणाला होता, त्याच्या गावचं तळं हिवाळ्यात गोठतं, त्यावर तो खेळायला शिकला. त्या तळ्याकाठच्या लोकांना जाऊन काय सांगू, वाळवंटात हरून आलो म्हणून?

आता ती खंडेनवमी.

मी काही फार देवधर्म करणारा नाही. पण भोसरीत वाढलेल्या माणसाला खंडेनवमी सांगावी लागत नाही. त्या दिवशी कारखाना धुऊनपुसून लख्ख करायचे. प्रत्येक कामगार आपापलं मशीन सजवायचा आणि पूजा झाली की मेन स्विच पाडायचे. वर्षभर ज्या शेडमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, तिथे अशी शांतता पसरायची की कुणाच्या चपलेचा आवाज यावा. आणि त्या एका दिवशी बायकामुलांना आत सोडायचे. माझे वडीलही कामगार. मी सहा वर्षांचा असताना त्यांनी मला त्यांच्या लेथसमोर उभं केलं होतं, पाहुण्यांशी ओळख करून देतात तसं. मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळीच उचलायचं, हा नियम. वडिलांनी तो कधी मोडला नाही, मी कधी मोडला नाही. हमरियात दर खंडेनवमीला मी रजा टाकायचो आणि कारण लिहायचो 'मेडिकल'.

इतक्या वर्षांत इथे माझं मशीन बघायला कुणी आलेलं नव्हतं. हमरियात घरच्यांना आत सोडत नाहीत. रिंकवर मात्र धारेची ती खोली माझ्या एकट्याची होती. म्हणून त्या वर्षी सकाळी मी सुनीताला आणि आमच्या ईशाला घेऊन गेलो. सुनीता पैठणीवर माझं जाकीट घालून कुडकुडत उभी होती. ईशा बारावीत, इथेच वाढलेली; आपण मराठीत विचारायचं, ती इंग्रजीत उत्तर देणार. ती म्हणाली, "बाबा, दे आर जस्ट शूज."

सुनीता म्हणाली, "गप. तुझ्या बाबांचं पोट आहे ते."

त्या दिवशी त्या खोलीत मला जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही. मशीन गप्प, फुलांचा वास, आणि माझी माणसं माझं काम बघताहेत. आठवडाभराच्या सरावानं बूट बोथट झाले होते, पण सीझनचा पहिला सामना दुसऱ्या दिवशी होता. दसऱ्याला पहाटे येऊन नवी धार लावायची, सीमोल्लंघन बर्फावर, असं सगळं माझ्या मनात ठरलेलं होतं.

साडेतीनला फैसलचा फोन आला. "नंदू भाई, कहाँ हो? यल्ला, जल्दी करो, लडके आ रहे हैं."

मी म्हटलं, "मॅच तो कल है."

"आज है. रिंकवालों का कल किड्स शो है. ग्रुप में डाला था, परसों."

संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला मी म्यूट करून ठेवलं होतं. पोरं दिवसभर रशियन स्टिकर टाकायची.

रिंकवर पोचलो तेव्हा हाताशी सव्वा तास होता. एकोणीस जोड सव्वा तासात मशीनवर होतात. धावतपळत, पण होतात. मी प्लग हातात घेतला. हार घातलेल्या मशीनकडे बघितलं. आणि मला तो प्लग लावता येईना.

मग मी एखाद्या वकिलासारखा विचार केला. मशीन माझं हत्यार, ते मांडलंय, ते चालवायचं नाही. बूट माझं हत्यार नाहीत, ते त्यांचं. ते उचलायला हरकत नाही. आणि ऑइलस्टोन? तो तर मी मांडलाच नव्हता, खिशात राहिला होता. तो चालेल. शास्त्र सांभाळून मी एकोणीस जोड हातानं, ऑइलस्टोननं घासले. अडतीस बूट. शेवटी शेवटी दगड कडेवर फिरतोय की बोटांवर हे कळत नव्हतं. पाती स्पिरिटनं पुसली, फुलं काढली आणि बूट देऊन टाकले.

पहिल्या पाच मिनिटांतच आमची पोरं वळणावर निसटायला लागली. अल ऐनचा तो बचाववीर दोनदा बसला. चेंडूऐवजी असते ती रबरी चकती मिळायची, पाय मिळायचे नाहीत. आणि मग पंचानं शिट्टी मारून खेळ थांबवला. बर्फावर लाल थेंब होते. आइस हॉकीत बर्फावर रक्त दिसलं की खेळ थांबवून कुणाला लागलंय ते आधी बघतात. पंचानं एकेकाचे हात बघितले, हनुवटी बघितली. कुणालाच काही लागलेलं नव्हतं. पात्याच्या वर प्लास्टिकची जी खाच असते, तिच्यात कुंकू बसलं होतं. ते मी पुसलं नव्हतं आणि बर्फाच्या भुग्यानं ओलं होऊन ते ठिबकत होतं. ओलं कुंकू रक्तापेक्षाही रक्तासारखं दिसतं. पंच बोट नाकाशी नेऊन वास घेताना मी बघितला आणि बाकाखाली वाकून उगीचच बुटाची नाडी बांधायला लागलो.

शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही एका गोलनं मागे होतो. आन्द्रिसला चकती मोकळी मिळाली, समोर एकटा गोलकीपर. तो आत वळला आणि वळताना पडला. पडल्या पडल्या त्यानं एकदा बाकाकडे बघितलं. माझ्याकडेच, असं मला वाटलं. तो सामना आम्ही हरलो.

नंतर बरंच काही झालं. गोलकीपरचा खांदा निखळला, दोन सामने आम्ही जिंकता जिंकता हरलो, एक हरता हरता जिंकलो. कझाकचे बूट तेवढे एक आठवडा तसेच राहिले. मी मात्र जिवावर उदार होऊन काम केलं. हमरियातून सुटलो की थेट रिंक. प्रत्येक कड दोनदोनदा तपासायची. आन्द्रिसची तर चारदा. चौथ्या जागेची आशा शेवटच्या सामन्यापर्यंत होती. तो जिंकला असता तर जागा पक्की होती. तो बरोबरीत सुटला. एक गुण मिळाला, आणखी एक हवा होता.

विजयाला दोन गुण असतात. खंडेनवमीचे दोन गुण हिशोबात नव्हते. हे गणित लॉकर रूममध्ये फक्त मलाच येत होतं. बाकीचे टॉवेलात तोंड खुपसून बसले होते. फैसल सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवत गेला, माझ्याही. मला वाटलं, आता बोलावं. मी उठून मशीन पुसायला गेलो.

महिन्याभरात संघ मोडला. मशीन कुणीतरी विकत घेऊन गेलं. माझ्या त्या खोलीत आता वाढदिवसांचे फुगे ठेवतात. रिंक चालू आहे. शनिवारी मुलं प्लास्टिकच्या पेंग्विनला धरून घसरत असतात. मी कधीकधी जातो, तिकीट काढतो, खेळाडूंच्या बाकावर बसतो. अटेंडंट विचारतो, "सर, स्केट्स?" मी नको म्हणतो. ओल्या हातमोज्यांचा आणि रबरी मॅटचा तो कुबट वास आता येत नाही, अत्तराचा येतो. पोरं ज्या वासाला नाकं मुरडायची, त्यासाठी माझा जीव तुटेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला आमच्या वॉचमनकडे पाठवलं असतं. भोसरीची आठवण काढायला मी तयार होतो, वर्षानुवर्षांची सवय होती. या शेडचीही तशीच काढावी लागेल याची तयारी नव्हती.

आन्द्रिस निघायच्या आधी आमच्याकडे जेवायला आला. सुनीतानं कोंबडीचा झणझणीत रस्सा केला होता. पुढचे दात नसलेला तो माणूस भाकरी रश्श्यात कुस्करून, आम्ही न सांगता, अगदी आमच्या मामांसारखा जेवत होता. मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. आणि सगळं सांगितलं. पूजा, प्लग, ऑइलस्टोन, कुंकू. माझं इंग्रजी अडलं की ईशा पुढे ढकलत होती. खंडेनवमी तिनं 'काइंड ऑफ अ मशीन हॉलिडे' म्हणून सांगितली.

आन्द्रिस ऐकत होता. मग म्हणाला, "आपण वाईट खेळलो, नॅन्डो."

"पण पहिल्या सामन्याचे दोन गुण..."

"मी म्हातारा झालोय. त्यात तुझा काय दोष?"

"वयाचा प्रश्नच नाही. कडा सारख्या नव्हत्या. तू त्या वळणावर पडलास तो माझ्यामुळे."

सुनीता वाढता वाढता मराठीत म्हणाली, "अहो, तो सोडतोय तर सुटा ना."

पण मला सुटायचं नव्हतं. संघाच्या फोटोत मी नाही, गोल करणाऱ्यांच्या यादीत मी नाही. तो एक पराभव तेवढा मला माझा वाटत होता, आणि तोही हा माणूस हसत हसत काढून घेत होता. मी पेपर नॅपकिनवर पात्याचं चित्र काढलं, कुठली कड किती खाली गेली असणार ते बाणानं दाखवलं.

आन्द्रिसनं नॅपकिनकडे बघितलं, भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाला, "त्या दिवशी मी तुझ्या धारेवर खेळलोच नव्हतो."

"म्हणजे?"

"माझ्या बॅगेत दुसरा जोड असायचा. तू दिलेला जोड मी सरावाला घालायचो."

"फक्त त्या दिवशी?"

"पूर्ण सीझन."

ईशा ताटात बघत होती. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. मी विचारलं, मग दुसऱ्या जोडाला धार कोण लावायचं? तो म्हणाला, एका मॉलमध्ये छोटी रिंक आहे, तिथे भाड्याचे बूट देणारी एक फिलिपिनो बाई आहे, ती. तीस दिरहम घेते. सातशे रुपये, असं माझं डोकं तशाही अवस्थेत म्हणालं.

यापुढे गप्प बसलेलं बरं, हे सुनीताच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण माझं चाळीस वर्षांचं काम होतं. मी विचारलंच, की माझ्यापेक्षा तिच्या धारेत असं काय होतं?

आन्द्रिसनं खरंच विचार केला. त्याला मला दुखवायचं नव्हतं, ते दिसत होतं. पण त्याच्याकडे उत्तर एकच होतं.

"तिला स्केटिंग येतं," तो म्हणाला. "तू तर बर्फावर कधी पायसुद्धा ठेवला नाहीस."